इंटरप्ट मी बंद केले होते, मग मध्येच उघडले कुणी?

आचरा_खाडी | ७ जुलै, रात्री ११:१०

नमस्कार. इथे वाचत बरेच दिवस आहे, लिहितोय पहिल्यांदा.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सध्या सुट्टीत घरी आचऱ्याला. मासेमारी बंदीचे दिवस, होडी झापांनी शाकारून किनाऱ्यावर ओढून ठेवलीय, बाबांना माझी गरज नाही. म्हणून मार्चपासून रखडलेलं काम हातात घेतलं: स्वतःचं छोटं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. ३२ बिट एक्स८६, एकच सीपीयू. टायमर सेकंदाला १०० इंटरप्ट देतो (हातातलं काम थांबवायला प्रोसेसरला मारलेली हाक), कीबोर्ड चालतो, पडद्यावर छापता येतं, आणि तयार प्रोसेसची एक रांग आहे, साधी लिंक्ड लिस्ट. या रांगेला टायमरचा हँडलरही हात लावतो आणि बाकीचं कर्नलही. म्हणून रांगेत घालताना किंवा काढताना आधी सीएलआय (इंटरप्ट बंद करायची सूचना), काम झालं की एसटीआय (उघडायची).

तरी रांग तुटते. कधी दोन मिनिटांत, कधी अर्ध्या तासानं. एखाद्या नोडचा पुढचा पॉइंटर भलतीकडेच गेलेला असतो, मग पेज फॉल्ट, म्हणजे चुकीच्या पत्त्यावर गेल्याची प्रोसेसरची तक्रार. क्यूएमू या सॉफ्टवेअरमधल्या नकली संगणकातही होतं आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून बूट केलं तरी होतं. सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे शोध घ्यायला रांगेच्या फंक्शनमध्ये छापायची ओळ घातली की रांग आणखी लवकर तुटते. ओळ काढली की जास्त वेळ टिकते.

लॅपटॉपवरचा शेवटचा पॅनिक (कर्नल कोसळताना छापतं तो मजकूर) असा: पेज फॉल्ट, पत्ता रांगेतून काढायच्या फंक्शनमधला, ईफ्लॅग्ज (प्रोसेसरचं फ्लॅग रजिस्टर) हेक्स १०२४६.

सीएलआय त्या फंक्शनच्या पहिल्या ओळीला आहे. मग हे होतं कसं? कंपायलर ओळी मागेपुढे करतोय का? व्होलाटाइल लावून पाहिलं, फरक नाही. चार दिवस यातच अडकलोय.


मांडवी_जेट्टी | ८ जुलै, सकाळी ७:४०

कंपायलरला सध्या सोड. उत्तर तू दिलेल्या त्या एका आकड्यात आहे.

फॉल्ट होतो त्या क्षणी प्रोसेसर स्वतः ईफ्लॅग्ज आणि चालू सूचनेचा पत्ता (सीएस आणि ईआयपी) स्टॅकवर ठेवतो, पेज फॉल्ट असेल तर वर एरर कोडही. तुझा पॅनिक तोच ठेवलेला आकडा छापत असेल, तर ते फॉल्ट झाला त्या सूचनेच्या वेळचे फ्लॅग आहेत, हँडलरमधले नाहीत.

आता १०२४६ फोडून बघ. बिट शून्यापासून मोजायचे. १०००० म्हणजे १६वा बिट, रिझ्यूम फ्लॅग. फॉल्टच्या फ्रेममध्ये, म्हणजे स्टॅकवर ठेवलेल्या त्या आकड्यांत, तो प्रोसेसर लावतो, त्याची काळजी नको. शेवटचा २ म्हणजे बिट क्रमांक १, तो कायम १ असतो. ४ म्हणजे पॅरिटी, ४० म्हणजे झीरो: आधीच्या कुठल्यातरी तुलनेचं उत्तर शून्य आलं होतं. उरले २००. तो ९वा बिट. इंटरप्ट फ्लॅग.

तू म्हणतोस की तिथे इंटरप्ट बंद होते. प्रोसेसर सांगतोय की उघडे होते. अशा वादात मी दर वेळी प्रोसेसरचं ऐकते.

छापायच्या फंक्शनमध्ये सीएलआय आणि एसटीआय आहेत का? ते इथे चिकटव.


वेंगुर्ला_बंदर | ८ जुलै, सकाळी ९:०५

मध्येच विचारतो, राग मानू नका. मी बीएस्सी करतोय, कर्नलचं काही येत नाही, पण धागा सोडवत नाही. फ्लॅग म्हणजे नेमकं काय? आमच्या बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो तसंच काही का?


सुपारीबाग | ८ जुलै, दुपारी १:३०

वेंगुर्ला, बावटा हा शब्द मला फार पटला. तंत्रनिकेतनात २६ वर्षं मायक्रोप्रोसेसर शिकवला, 'फ्लॅग'ला ध्वज म्हणत आलो, बावटा कधी सुचला नाही.

प्रोसेसरमध्ये एक रजिस्टर असतं, त्यातला एकेक बिट म्हणजे एकेक बावटा. पण दोन जातींचे बावटे एकाच काठीवर लावलेले असतात, आणि खरा गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक जात झालेल्या गोष्टीची खबर देते: वजाबाकीचं उत्तर शून्य आलं, हातचा उरला, उत्तर ऋण आलं, आकडा मावला नाही. झीरो, कॅरी, साइन, ओव्हरफ्लो. पुढची जंप सूचना ते बघून वाट ठरवते. दुसरी जात हुकूम देते, तुझ्या तीन नंबरच्या बावट्यासारखा. तो लागला की होडी बाहेर काढायची नाही. इंटरप्ट फ्लॅग शून्य असेल तर बाहेरून आलेला टायमर, कीबोर्ड, डिस्क, कुणीही आत येऊ शकत नाही, दारात थांबतो. ट्रॅप फ्लॅग लावला तर दर सूचनेनंतर प्रोसेसर थांबून डीबगरला हाक मारतो. डिरेक्शन फ्लॅग ठरवतो की स्ट्रिंग सूचना मेमरीत पुढे सरकणार की मागे.

८०८५ शिकलेल्यांसाठी एक गोष्ट. तिथे पीएसडब्ल्यू पुश केलं की अक्युम्युलेटर आणि पाच फ्लॅग स्टॅकवर जात, पण इंटरप्ट चालू की बंद हे त्यात नसे. ते वेगळ्या फ्लिपफ्लॉपमध्ये, ईआय आणि डीआयनं बदलायचं, आणि वाचायचं असेल तर रिम सूचना. १९७८ च्या ८०८६ मध्ये इंटरप्ट फ्लॅग फ्लॅग रजिस्टरच्या आतच आला. त्यामुळे पुशएफ, म्हणजे फ्लॅग स्टॅकवर ठेवायची सूचना, दिली की खबर देणारे आणि हुकूम देणारे, दोन्ही बावटे एकदम जपले जातात. ही सोय आहे, आणि आचऱ्याच्या मुलाला तीच वापरावी लागणार असं दिसतंय.

मांडवीताईंनी सांगितलेला तो कायम १ असणारा बिटही ८०८० पासूनचा वारसा आहे. १९७४ ची चिप, तिच्या फ्लॅग बाइटमध्ये ती जागा १ च होती, आजच्या ६४ बिट प्रोसेसरातही १ च आहे. रीसेटनंतर ईफ्लॅग्ज हेक्स २ असतं ते त्यामुळे.


आचरा_खाडी | ८ जुलै, संध्याकाळी ६:२०

ताई, आहेत. छापायच्या फंक्शनमध्ये पहिली ओळ सीएलआय, शेवटची एसटीआय. नाहीतर टायमर मध्येच आपली ओळ छापतो आणि दोन्ही अक्षरं एकमेकांत मिसळतात, म्हणून घातलं होतं. आणि प्रोसेसला जागं करणाऱ्या फंक्शनमध्येही बाहेर सीएलआय आहे आणि आतून ते रांगेत घालायचं फंक्शन बोलावतं. त्याच्याही शेवटी एसटीआय.

म्हणजे आतलं फंक्शन संपलं की बाहेरच्याचं काम अर्धवट असतानाच इंटरप्ट उघडतात. आत्ता लिहिताना दिसलं. चार दिवस हाच कोड बघत होतो.


खारबंदिस्ती | ८ जुलै, रात्री १०:१५

हे दिसायला चार दिवस लागले यात वावगं काही नाही. मला पहिल्यांदा दिसायला याहून जास्त लागले होते, आणि तेव्हा विचारायला कुणी नव्हतं.

माझं गाव पेणच्या खाडीकाठचं, खारभूमीचं. बांधाला उघाडी असते. पावसाचं पाणी शेतातून खाडीत जावं म्हणून ती उघडायची, भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बंद करायची. आमच्या उघाडीला फळ्या होत्या, हातानं लावायच्या. एका उधाणाला आजोबांनी संध्याकाळीच फळ्या लावल्या आणि घरी आले. रात्री शेजारचा गडी आपलं काम करायला गेला. त्यालाही फळ्या बंदच हव्या होत्या, त्यानं बघितलं, बंद आहेत, बरं झालं. काम झालं आणि सवयीनं जाताना उघडून गेला. त्याच्या लेखी 'काम संपलं की उघडायचं'. त्या वर्षी दोन एकरांत भात झालं नाही, पुढच्या वर्षीही कमीच, मीठ जायला वेळ लागतो.

तुझं छापायचं फंक्शन म्हणजे तो गडी. त्यानं जाताना उघडायचं नव्हतं. आला तेव्हा जसं होतं तसं ठेवून जायचं होतं.

कोडमध्ये हे असं: आधी पुशएफ करून फ्लॅग एका स्थानिक व्हेरिएबलमध्ये घे, मग सीएलआय, मग काम, मग तोच आकडा परत टाक. आधी उघडं असेल तर उघडेल, बंद असेल तर बंदच राहील. लिनक्समध्ये स्पिन लॉकच्या (दुसऱ्यानं सोडेपर्यंत जागीच फिरत वाट बघायला लावणारं कुलूप) 'आयआरक्यू सेव्ह' आणि 'आयआरक्यू रिस्टोअर' या जोडीचं काम हेच. साधा 'आयआरक्यू' वाला प्रकारही आहे, तो शेवटी सरळ उघडतोच. आपल्याला बोलावणाऱ्यानं इंटरप्ट उघडे ठेवूनच बोलावलंय याची शंभर टक्के खात्री असेल तिथेच तो वापरतात.

विचार जुना आहे. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये, पीडीपी-११ वर, प्रोसेसर स्टेटस वर्डच्या बिट ५ ते ७ मध्ये प्राधान्य असायचं, ० ते ७. झोपायला जाणाऱ्या फंक्शनमध्ये आधी तो वर्ड एका व्हेरिएबलमध्ये घेतलाय, मग प्राधान्य वर चढवलंय, आणि शेवटी जुना वर्ड परत ठेवलाय. पन्नास वर्षं झाली.


मांडवी_जेट्टी | ८ जुलै, रात्री १०:५०

काकांच्या उघाडीला पूर्ण अनुमोदन. दोन पुस्त्या जोडते.

एक, पॉपएफ (जपलेले फ्लॅग परत ठेवायची सूचना) संथ आहे, कारण त्यात सगळेच फ्लॅग बदलू शकतात. लिनक्सनं अलीकडे फ्लॅग परत ठेवताना पॉपएफ सोडलं. जपलेल्या आकड्यातला ९वा बिट बघतात, १ असेल तर एसटीआय, नाहीतर काहीच नाही. तुझ्या कर्नलमध्ये तेवढंच कर.

दोन, सीएलआयनं सगळं थांबत नाही. पेज फॉल्ट, शून्यानं भागाकार यांना इंटरप्ट फ्लॅगशी देणंघेणं नाही, एनएमआयलाही (बंद न करता येणारा इंटरप्ट) नाही. आणि सीएलआय फक्त त्या एका सीपीयूपुरतं असतं. उद्या दुसरा कोअर चालू केलास तर तो रांगेत खुशाल हात घालेल, त्यासाठी स्पिन लॉकच लागेल.


कुणकेश्वर_लाट | ९ जुलै, सकाळी ८:१५

झिला, मी पण मालवणचोच, सध्या देवगडाक. धागा वाचून बरा वाटला. बाकी सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं पुस्तकी भाषेत लिहितो.

फ्लॅग व्हेरिएबलमध्ये जपायला माझा थोडा विरोध आहे. लॉक घेतले त्याच्या उलट क्रमानं सोडले तरच ते बरोबर चालतं. समजा पहिला लॉक घेतला, तेव्हा जपलेला आकडा 'उघडं'. मग दुसरा घेतला, तेव्हा जपलेला आकडा 'बंद'. आता काही कारणानं पहिला लॉक आधी सोडला. जपलेला 'उघडं' परत टाकला की इंटरप्ट उघडले, आणि दुसरा लॉक अजून हातात आहे! त्याच वेळी टायमर आला आणि त्यालाही तो दुसरा लॉक हवा असेल तर तो तिथेच फिरत राहणार, कायमचा. लॉक ज्याच्याकडे आहे तो खाली अडकलेला, आणि वरचा त्याची वाट बघतोय.

एमआयटीच्या शिकवण्याच्या एक्सव्ही६ कर्नलमध्ये म्हणून मोजणी आहे. दर वेळी बंद करताना मोजणी एकनं वाढते. अगदी पहिल्यांदा, म्हणजे मोजणी शून्य असताना, आधी उघडं होतं की बंद हे नोंदवायचं. सोडताना एकनं कमी करायची. मोजणी शून्यावर आली आणि नोंद 'उघडं' असेल तरच एसटीआय. मग कुठला लॉक आधी सोडला यानं काही बिघडत नाही. शिवाय मोजणी शून्याखाली गेली तर तिथल्या तिथे पॅनिक. जोडी कुठे चुकली ते लगेच सापडतं. शिकणाऱ्यासाठी हे जास्त सुरक्षित.


खारबंदिस्ती | ९ जुलै, सकाळी ९:४०

कुणकेश्वर, मुद्दा रास्त आहे आणि मी तो सांगायला हवा होता. पण मोजणीलाही एक जागा आहे जिथे पाय घसरतो. मोजणी आणि ती 'आधी उघडं होतं का' ही नोंद एक्सव्ही६मध्ये सीपीयूच्या रचनेत ठेवलेली असते. नोंद मात्र खरी त्या कर्नल थ्रेडची असते. थ्रेड बदलताना मध्येच दुसरा थ्रेड चालू होतो, आपला थ्रेड कदाचित दुसऱ्याच सीपीयूवर जागा होतो. म्हणून तिथे शेड्युलरला जाण्याआधी नोंद स्थानिक व्हेरिएबलमध्ये काढून घेतात आणि परत आल्यावर, आता जो सीपीयू असेल त्याच्या रचनेत टाकतात. ती दोन ओळींची गोष्ट विसरली तर पुन्हा गड्यानं फळी उघडलीच समजायचं.

एकाच सीपीयूवरही हे लागतं, कारण थ्रेड बदलतातच.


सुपारीबाग | ९ जुलै, दुपारी १२:००

दोन्ही पद्धती शिकवायच्या झाल्या तर मी आधी व्हेरिएबल शिकवेन आणि नंतर मोजणी. मोजणी आधी शिकवली की मुलं हे विसरतात की मुळात जपायची ती प्रोसेसरची अवस्था आहे. हे माझं मत, आग्रह नाही.


आचरा_खाडी | १० जुलै, रात्री ९:३०

दोन दिवस लाईट नव्हती, आज दुपारी आली. लॅपटॉपची बॅटरी पुरवून मोजणीवाली पद्धत लिहिली. थ्रेड बदलतानाच्या त्या दोन ओळीही घातल्या, काकांनी सांगितलं नसतं तर नक्की विसरलो असतो.

रांग आता तुटत नाही. पण नवीनच दुखणं. एखादी नवी प्रोसेस सुरू केली, नुसती रिकामी लूप फिरवणारी, की सगळं ठप्प. टायमर नाही, कीबोर्ड नाही. पॅनिकही नाही. आधी हे होत नव्हतं, शपथ. म्हणजे माझ्या दुरुस्तीनंच काही मोडलं का?


मांडवी_जेट्टी | १० जुलै, रात्री १०:०५

नवी प्रोसेस पहिल्यांदा चालू होते तेव्हा तू हातानं बनवलेल्या फ्रेमवरून आयरेट (इंटरप्टमधून परतायची सूचना) होतं ना? त्या फ्रेममध्ये ईफ्लॅग्जच्या जागी काय ठेवलंयस?


आचरा_खाडी | १० जुलै, रात्री १०:१२

हेक्स २. सुपारीबाग सरांनी लिहिलंय तसं रीसेटनंतर २ असतं, तेच ठेवलं होतं.


मांडवी_जेट्टी | १० जुलै, रात्री १०:४०

मिळालं. २०२ हवं. दोन म्हणजे तो कायमचा बिट, आणि इंटरप्ट बंद. आयरेट फ्रेममधले फ्लॅग जसेच्या तसे उचलतं, त्यामुळे तुझी प्रोसेस जन्मतःच इंटरप्ट बंद ठेवून युजर मोडमध्ये गेली. तिथून तिला स्वतःला ते उघडताही येत नाहीत. एसटीआय केलं तर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येईल, कारण आयओपीएल, म्हणजे त्यासाठी लागणारी अधिकाराची पातळी, शून्य आहे. रिकामी लूप कर्नलला हाक मारत नाही, टायमर आत येऊ शकत नाही. मशीन तिच्याच ताब्यात.

आणि दुरुस्तीनं काही मोडलेलं नाही. ही चूक पहिल्या दिवसापासून आहे, पहिल्या चुकीनं ती झाकली होती. तेव्हा तुझ्या चाचणीच्या प्रोसेस काही ना काही छापत असणार. छापायला कर्नलमध्ये आल्या की ते भटकं एसटीआय व्हायचं, तेवढ्या फटीत थांबून राहिलेला टायमर आत यायचा, शेड्युलर चालायचा, आणि तुला वाटायचं सगळं सुरळीत आहे. आता छापायचं फंक्शन प्रामाणिक झालं, बंद होतं ते बंदच ठेवतं, म्हणून मूळ चूक उघडी पडली.

एक्सव्ही६च्या पहिल्या प्रोसेसच्या फ्रेममध्ये नेमका इंटरप्ट फ्लॅगच ठेवलेला दिसेल, जाऊन बघ.


आचरा_खाडी | १० जुलै, रात्री ११:००

२०२ केलं. चाललं! घरात सगळे झोपलेत, नाहीतर ओरडलो असतो. ताई, खूप आभार.

एक अजून कळत नाही. मी त्या प्रोसेसमधून मुद्दाम पॉपएफ करून ९वा बिट शून्य करून पाहिला. एसटीआय-सीएलआयला फॉल्ट येतो, मग यालाही यायला हवा. आला नाही. पण इंटरप्टही बंद झाले नाहीत. काहीच झालं नाही.


कुणकेश्वर_लाट | ११ जुलै, सकाळी ७:५०

तू जिथे बोट ठेवलंयस तिथे एका अख्ख्या तंत्रज्ञानाचा इतिहास आहे.

आयओपीएलपेक्षा कमी अधिकारात पॉपएफ केलं की प्रोसेसर इंटरप्ट फ्लॅगपुरतं गप्प दुर्लक्ष करतो. बाकीचे फ्लॅग बदलतात, हा बदलत नाही, आणि तक्रारही करत नाही. साध्या कर्नलला हे चालून जातं. पण समज, कुणाला एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात दुसरी चालवायचीय, आतल्या कर्नलला कमी अधिकारात ठेवून. आतलं कर्नल पॉपएफनं इंटरप्ट बंद करतं, त्याला वाटतं झाले. फॉल्ट आला असता तर बाहेरच्या व्यवस्थापकानं तो पकडून 'याच्यापुरते बंद' अशी नोंद केली असती. फॉल्टच नाही तर पकडणार काय?

पोपेक आणि गोल्डबर्ग या संशोधकांनी १९७४ मध्येच अट मांडली होती की अवस्था बदलणारी किंवा उघड करणारी प्रत्येक सूचना कमी अधिकारात अडकायलाच हवी. २००० मध्ये रॉबिन आणि आयर्विन यांनी पेंटियम तपासला, तर ही अट मोडणाऱ्या १७ सूचना निघाल्या. पॉपएफ त्यात आहे. म्हणून असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअर कंपनीला सुरुवातीला आतल्या कर्नलचा कोड चालता चालता बदलून द्यावा लागे, पॉपएफच्या जागी आपली सूचना. प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय आली ती २००५ च्या सुमारास.


मांडवी_जेट्टी | १२ जुलै, दुपारी ४:२०

आज सुट्टी आहे, बाहेर पावसाची झड लागलीय, म्हणून एका फ्लॅगबद्दल लिहून ठेवते, कारण आचरा, तो तुला पुढे भेटणारच. डिरेक्शन फ्लॅग.

इंटरप्ट गेटमधून कर्नलमध्ये येताना प्रोसेसर इंटरप्ट फ्लॅग आणि ट्रॅप फ्लॅग आपणहून खाली करतो. डिरेक्शन फ्लॅगला हात लावत नाही. सी कंपायलर मात्र गृहीत धरतो की प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला तो शून्य आहे, मेमरी पुढच्या दिशेनंच चालणार. आता कुणीतरी मेमरी उलट्या दिशेनं सरकवायला एसटीडी केलंय (हा फ्लॅग १ करणारी सूचना), आणि नेमका तेव्हाच इंटरप्ट आला. हँडलरमध्ये कंपायलरनं स्ट्रिंग सूचना वापरून बफर शून्य केला. बफर शून्य होतच नाही, त्याच्या आधीची मेमरी पुसली जाते. त्या मेमरीत काय होतं त्यावर पुढचं सगळं अवलंबून.

मी हे एका नोकरीत भोगलंय. आठवड्यातून एकदा एक यंत्र बंद पडायचं, दर वेळी वेगळ्या जागी. अडीच महिने आम्ही मेमरीच्या चिप बदलत होतो. शेवटी एका डंपमध्ये (बंद पडतानाच्या मेमरीची प्रत) फ्रेममधले फ्लॅग २४६ ऐवजी ६४६ दिसले. ४०० म्हणजे १०वा बिट. इंटरप्टच्या प्रवेशाला एक सीएलडी (तो फ्लॅग शून्य करणारी सूचना) घातलं आणि यंत्र पुन्हा कधी बंद पडलं नाही. त्या दिवसापासून कुठल्याही डंपमध्ये मी आधी फ्लॅग वाचते, मग बाकी सगळं.

लिनक्सलाही हे भोवलंय. जीसीसी या सी कंपायलरची ४.३ आवृत्ती मार्च २००८ मध्ये आली. त्याआधीचा जीसीसी स्ट्रिंग सूचनेआधी स्वतःच सीएलडी घालायचा. ४.३ नं ते थांबवलं, कारण नियमानुसार फ्लॅग शून्यच असायला हवा. मग लक्षात आलं की लिनक्स सिग्नल हँडलरला पाठवताना तो फ्लॅग खाली करतच नव्हतं. कंपायलर वर्षानुवर्षं कर्नलची चूक झाकत होता. दुरुस्ती कर्नलमध्ये झाली.

तुझ्या प्रवेशाच्या असेंब्लीत सीएलडी आहे का ते बघ.


वेंगुर्ला_बंदर | १२ जुलै, संध्याकाळी ५:१०

मला जवळजवळ सगळं समजतंय, याचा फार आनंद होतोय. एक शंका. हे सगळं इंटेलच्या वारशामुळे आहे का? मोबाइलमधल्या प्रोसेसरला पण बावटे असतात?


खारबंदिस्ती | १२ जुलै, रात्री ९:००

असतात. आर्मच्या ६४ बिट प्रोसेसरात त्याला पीस्टेट म्हणतात. खबर देणारे चार, एन, झेड, सी, व्ही, आणि इंटरप्टचे चार वेगळे, डी, ए, आय, एफ. एक्स८६ वरून जाणाऱ्यानं लक्षात ठेवायचं ते हे की तिथे अर्थ उलटा आहे. ते मास्क आहेत, १ म्हणजे बंद. अपवाद आला की प्रोसेसर चारही मास्क लावतो आणि जुनी अवस्था एसपीएसआर नावाच्या रजिस्टरमध्ये ठेवतो, स्टॅकवर नाही. स्टॅकवर न्यायचं काम कर्नलचं.

रिस्क-फाइव्ह ही खुली प्रोसेसर रचना मला सर्वांत स्वच्छ वाटते. खबर देणारे बावटे तिथे नाहीतच, तुलना आणि उडी एकाच सूचनेत. हुकमाचे एस-स्टेटस रजिस्टरमध्ये. बिट १ म्हणजे इंटरप्ट उघडे का, बिट ५ म्हणजे आत येण्यापूर्वी उघडे होते का. ट्रॅप (इंटरप्ट किंवा फॉल्ट) आला की १ मधलं ५ मध्ये जातं आणि १ शून्य होतो, परत जाताना ५ मधलं १ मध्ये येतं. आपण या धाग्यात पाच दिवस जे बोलतोय, 'आला तेव्हा जसं होतं तसं', ते तिथे प्रोसेसरच करतो. पण एकाच पातळीपुरतं. ट्रॅपच्या आत दुसरा ट्रॅप येऊ द्यायचा असेल तर जपणं पुन्हा आपल्याच अंगावर.

आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा, दोन्ही प्रोसेसर रिस्क-फाइव्हचे. एक्सव्ही६ही आता त्यावरच शिकवतात. आचरा, हे कर्नल उभं राहिलं की ते तिकडे ने. पण आधी हे पुरं कर.


आचरा_खाडी | १४ जुलै, सकाळी ६:३०

सीएलडी नव्हतं. आणि मेमरी सरकवायच्या माझ्या फंक्शनमध्ये एसटीडी होतं. ताई, तुमचे अडीच महिने माझे वाचले.

निष्क्रिय लूपमध्येही एक सापडलं. रांग रिकामी आहे का बघायचं, मग एसटीआय, मग थोडा हिशेब, मग हॉल्ट (इंटरप्ट येईपर्यंत प्रोसेसरला झोपवायची सूचना), असं होतं. एसटीआय आणि हॉल्टच्या मधल्या जागेत इंटरप्ट येऊन गेला तर प्रोसेस जागी होऊन रांगेत बसते आणि सीपीयू मात्र पुढच्या टायमरपर्यंत झोपतो. वाचलं तर कळलं की एसटीआयनंतरची एक सूचना पूर्ण होईपर्यंत प्रोसेसर इंटरप्ट आत घेत नाही. म्हणून आता रांग बंद इंटरप्टमध्ये तपासतो, हिशेबही आधीच, आणि एसटीआयला लागूनच हॉल्ट. फट राहिली नाही.

काल रात्री साडेआठला लॅपटॉपवर कर्नल चालू करून ठेवलं, सहा प्रोसेस, त्यातल्या दोन रिकाम्या लूप, आणि रांगेच्या फंक्शनमध्ये मुद्दाम छापायच्या ओळी ठेवून. आत्ता उठून बघितलं, ठोक्यांची मोजणी ३६ लाखांच्या जवळ आहे आणि अजून चालूय. बाबांना दाखवलं. त्यांनी विचारलं की हे आकडे कशाचे, तर वेंगुर्ल्याच्या मित्राचा बावटा वापरून सांगितलं. त्यांना लगेच कळलं.

पॅनिकमध्येही बदल केला. लॉकची मोजणी शून्याच्या वर असताना फ्रेममधला ९वा बिट १ दिसला, तर पहिल्याच ओळीत तसं छापतो, आणि शेवटचं एसटीआय कुठल्या पत्त्यावरून झालं तेही. कोड आज संध्याकाळी इथेच टाकतो, बघून चुका सांगा.


कुणकेश्वर_लाट | १४ जुलै, सकाळी ७:०५

टाक झिला. मी बघतंय.